एका टिंबाचे दोन अर्थ : स्वरलेखनाच्या वादाचा इतिहास

इतिहासावरचे व्याख्यान म्हटले की लढाया, तह आणि राज्याभिषेक ह्यांची आठवण होते. आज आम्ही आपणांपुढे जो इतिहास मांडणार आहोत, तो एका टिंबाचा आणि एका रेघेचा आहे. विषय लहान दिसतो. परंतु ह्या टिंबावरून आणि रेघेवरून विद्वान भांडले, संस्था दुभंगल्या आणि शिकणाऱ्यांच्या दोन पिढ्या बुचकळ्यात पडल्या. तेव्हा तासभर त्याचा विचार करणे वाया जाणार नाही, असा आमचा भरवसा आहे.

'म' हे अक्षर घ्या आणि त्याच्या डोक्यावर एक उभी रेघ काढा. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पद्धतीने छापलेल्या पुस्तकात ह्या खुणेचा अर्थ होतो मध्य सप्तकातला तीव्र मध्यम. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या पद्धतीने छापलेल्या पुस्तकात तीच खूण म्हणजे तार सप्तकातला मध्यम. आता 'नि' वर एक टिंब द्या. भातखंडे म्हणतात, हा तार सप्तकातला निषाद. पलुस्कर म्हणतात, हा मंद्र सप्तकातला. अक्षर एक, टिंब एक, आणि आवाजात अंतर दोन सप्तकांचे! हे दोघेही महाराष्ट्राचे सुपुत्र, एकाच काळात वावरलेले, नावेही दोघांची विष्णु, आणि संगीत सामान्य माणसाच्या दारी न्यावे ही तळमळही दोघांची सारखीच. मग खुणा उलट्या कशा झाल्या?

आम्ही गवई नाही. आमचा जन्म कामगारांच्या सभा, मागणीपत्रके आणि करारमदार ह्यांत गेला. शाळा लवकर सुटली; जे वाचले ते संघटनेच्या कचेरीतल्या कपाटापुढे बसून वाचले. परंतु लिहिलेल्या खुणेचा अर्थ दोघांनी दोन प्रकारे लावला तर काय होते, ह्याचा अनुभव आम्हांस भरपूर आहे. एका कारखान्याच्या करारात 'तीस दिवस' असे शब्द होते. कामगारांनी पंचांगातले दिवस मोजले, व्यवस्थापनाने हजेरीपटावरचे कामाचे दिवस मोजले, आणि रजेचा पगार महिनोन्महिने अडकून पडला. त्या दोन शब्दांच्या संदिग्धतेची किंमत कोणी भरली? ज्याची चूल त्या पगारावर पेटत होती त्याने. लिखाणातली संदिग्धता नेहमी दुबळ्याच्या अंगावर पडते. संगीतातही असेच घडले, हेच आम्हांस आज दाखवावयाचे आहे.

स्वर अक्षरांत लिहिण्याची युक्ती आपल्याकडे नवी नाही. तामिळ मुलखात पुदुक्कोट्टईजवळ कुडुमियानमलई येथे सातव्या शतकाच्या सुमाराचा एक शिलालेख आहे. त्यात स्वरांची अक्षरे दगडावर ओळीने कोरलेली आहेत. तेराव्या शतकात आपल्या देवगिरीस, यादव राजा सिंघण याच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचे पंडित होते. हुद्द्याने ते राजदरबारचे हिशेबाचे अधिकारी; परंतु त्यांनी 'संगीतरत्नाकर' लिहिला आणि त्यात स्वर अक्षरांनी मांडून दाखविले. त्यांच्या ग्रंथात लेखनाचा नियमही सांगितला आहे : मंद्र स्वराच्या माथ्यावर बिंदू द्यावा, तार स्वराच्या माथ्यावर उभी रेघ द्यावी. श्रोत्यांनी हा नियम ध्यानात ठेवावा. पलुस्करांची खूण ह्या प्राचीन नियमाशी तंतोतंत जुळते.

आता थोडे युरोपात जाऊ. कारण वादाचे मूळ मुद्दे तेथे फार लवकर पुढे आले. १७४२ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एका तरुणाने निबंध वाचला. त्याचे म्हणणे असे, की पाच रेघांवर काळी बोंडे काढण्याची रूढ पद्धत अवजड आहे. एक ते सात हे आकडे स्वरांसाठी वापरा, म्हणजे कोणत्याही छापखान्यात संगीत छापता येईल. हा तरुण म्हणजे झां झाक रूसो. पुढे 'सामाजिक करार' लिहिणारा तोच. अकादमीने त्याची योजना उचलून धरली नाही. त्याला खरे उत्तर दिले ते रामो ह्या थोर संगीतकाराने. रामो म्हणाला, तुमचे आकडे बरोबर आहेत. परंतु प्रत्येक आकड्यापाशी मनाला हिशेब करावा लागतो. रेघांवरची बोंडे वर चढतात, खाली उतरतात, आणि डोळा एका दृष्टिक्षेपात ते पाहतो. हा आक्षेप बिनतोड आहे हे रूसोने स्वतःच पुढे आपल्या आत्मचरित्रात मान्य केले. म्हणजे वादाच्या दोन बाजू तेव्हाच ठरल्या. एक म्हणते : खूण स्वस्त हवी, साध्या खिळ्यांत बसणारी हवी. दुसरी म्हणते : खूण डोळ्याला बोलणारी हवी.

शंभर वर्षांनी हाच वाद इंग्लंडात आला, आणि ह्या वेळी त्यात कामकरी वर्ग होता. नॉर्विच गावी सेरा ग्लोव्हर नावाच्या बाई मुलांना भजने शिकवीत. त्यांनी स्वरांच्या नावांची आद्याक्षरे घेऊन लेखन बसविले. अडचण अशी, की 'सोल' आणि 'सी' दोहोंचे आद्याक्षर एकच. बाईंनी 'सी' चे 'टी' केले आणि सातही अक्षरे वेगवेगळी झाली. श्रोतेहो, ह्याला आम्ही खरी विद्वत्ता म्हणतो. शिकणाऱ्याचा पाय कोठे अडखळेल हे आधी पाहून तेथला दगड उचलून बाजूस ठेवणे, ही ती विद्वत्ता. १८४१ मध्ये हल येथे रविवारच्या शाळांच्या शिक्षकांनी जॉन कर्वेन ह्या तरुण धर्मोपदेशकाला गळ घातली, की गाणे शिकविण्याची सोपी रीत शोधून द्या. कर्वेन यांनी ग्लोव्हर बाईंची पद्धत घेतली, सुधारली, आणि तालासाठी अपूर्णविराम, पूर्णविराम आणि स्वल्पविराम ही छापखान्यातलीच चिन्हे वापरली.

त्याच सुमारास जॉन हला यांचे वर्ग सरकारी शिक्षणखात्याच्या पाठिंब्याने लंडनमध्ये चालू होते. हला यांचा 'डो' खुंटीला बांधलेला, म्हणजे वाद्याच्या एका ठराविक पट्टीलाच 'डो' म्हणावयाचे. कर्वेन यांचा 'डो' सरकता, आपल्या षड्जासारखा. गळा जेथे सोयीचा, तेथे 'डो'. पाठबळ हला यांच्यामागे होते. लोक कर्वेन यांच्यामागे गेले. खाणी आणि गिरण्या असलेल्या गावांतून, विशेषतः वेल्समध्ये, दिवसभर राबणारी माणसे संध्याकाळी जमत आणि साध्या अक्षरांत छापलेल्या स्वस्त प्रतींवरून हँडेलची मोठमोठी समूहगीते गात. ती पद्धत मिशनऱ्यांबरोबर आफ्रिकेत पोहोचली. १८९७ मध्ये एनोक सोंटोंगा ह्या शाळामास्तराने रचलेले जे गीत पुढे दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रगीताचा भाग झाले, ते ह्याच अक्षरलिपीत लिहिलेले होते. आजही तेथील गायकवृंद ह्या लिपीवरून गातात.

आता स्वदेशी परत येऊ. आपल्याकडे वाद प्रथम पेटला तो बंगालमध्ये. क्षेत्रमोहन गोस्वामी यांनी १८६९ च्या सुमारास अक्षरांच्या माथ्यावर मात्रांचे दंड काढण्याची पद्धत पुढे आणली; शौरींद्रमोहन टागोर हे तिचे मोठे पुरस्कर्ते. १८७४ मध्ये शिक्षणखात्यातले चार्ल्स बॅरन क्लार्क नावाचे इंग्रज अधिकारी, जे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणूनच अधिक प्रसिद्ध आहेत, म्हणू लागले की जगभर चालणारी पाच रेघांची लिपी असताना ही नवी उठाठेव कशाला? शौरींद्रमोहनांनी त्यांना त्याच वर्षी उत्तर दिले. त्यांचा मुद्दा, की ज्या संगीताचा सारा डोलारा एका षड्जावर उभा आहे त्याला त्याचीच लिपी हवी. ह्या वादाला स्वदेशी विरुद्ध विलायती असे स्वरूप आले खरे. परंतु कृष्णधन बंद्योपाध्याय यांच्यासारखे बंगाली संगीतज्ञही पाच रेघांच्या बाजूचे होते, हे विसरता कामा नये.

बंगालमध्ये शेवटी टिकली ती ज्योतिरींद्रनाथ टागोरांची आकारमात्रिक पद्धत. तिची युक्ती पाहण्यासारखी आहे. कोमल स्वरांसाठी त्यांनी रेघ काढली नाही, अक्षरच बदलले. कोमल ऋषभाला 'ऋ', कोमल गांधाराला 'ज्ञ', कोमल निषादाला 'ण'. एक मात्रा दाखवावयाची तर आकाराचा काना. तार सप्तकाला वर रफार, मंद्र सप्तकाला खाली पाय मोडल्याची खूण. ह्यांतले बहुतेक सारे बंगाली छापखान्याच्या नेहमीच्या खणात पडून असलेले खिळे होते. रवींद्रनाथांची गीते 'स्वरबितान' च्या अनेक खंडांतून ह्याच लिपीत छापली गेली आणि म्हणून घरोघर पोहोचली.

इकडे बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ मध्ये गायनशाळा काढली आणि तेथे स्वतःचे स्वरलेखन चालविले. आणि मग आले आपले दोन विष्णु.

पलुस्करांचा जन्म १८७२ चा, कुरुंदवाडचा. लहानपणी दारूकामाच्या अपघाताने दृष्टी अधू झाली. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्यापाशी त्यांनी विद्या घेतली आणि १९०१ मध्ये लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. दृष्टी अधू असलेल्या माणसाने दुसऱ्यांच्या डोळ्यांसाठी लिपी घडविली, ही गोष्ट मनाला चटका लावणारी आहे. वर्गात पंधरावीस मुले एकदम शिकवावयाची तर प्रत्येक स्वराची किंमत त्याच्या अंगावरच लिहिलेली हवी, हे त्या लिपीतले तत्त्व. म्हणून प्रत्येक स्वराखाली त्याच्या कालाची खूण : एका मात्रेला आडवी रेघ, अर्धीला शून्य, पाव मात्रेला अर्धचंद्र, चार मात्रांना फुली. कोमल स्वराचा पाय मोडावयाचा. समेला एक हा आकडा, खालीला बेरजेचे चिन्ह.

भातखंड्यांचा जन्म १८६० चा, मुंबईत वाळकेश्वरचा. व्यवसायाने वकील. त्यांनी देशभर हिंडून उस्तादांच्या तोंडून हजारो चिजा मिळविल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके' च्या सहा भागांत त्या मराठी वाचकांपुढे ठेवल्या. एवढा संग्रह छापावयाचा तर खुणा थोड्या हव्यात. कोमलाखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, शुद्ध स्वर मोकळा. खालच्या सप्तकाला खाली टिंब, वरच्याला वर टिंब. तालाचे रकाने पाडलेले. एका मात्रेत दोनचार स्वर आले तर त्यांना खालून एक कंस. समेला फुली, खालीला शून्य.

आता दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहा. फुली एकाकडे सम, दुसऱ्याकडे चार मात्रा. शून्य एकाकडे खाली, दुसऱ्याकडे अर्धी मात्रा. टिंबाची गोष्ट आपण पाहिलीच. बंगालची लिपी तिसरी म्हणून शेजारी ठेवली तर मोडलेला पाय तेथे मंद्र आणि पलुस्करांकडे कोमल! आणि गंमत अशी, की चूक कोणाचीच नाही. पलुस्करांच्या टिंबापाठीमागे रत्नाकराची परंपरा उभी आहे. भातखंड्यांच्या टिंबापाठीमागे रामोचा डोळा उभा आहे. वरचे ते वर, खालचे ते खाली. दोन्ही पक्षांचे युक्तिवाद आपापल्या जागी सयुक्तिक आहेत.

तिसराही एक पक्ष होता आणि त्याची बाजू आम्हांस प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. पुष्कळ उस्ताद आणि बुवा म्हणत, की कागदावर गाणे येतच नाही. मींड कशी लिहाल? दरबारी कानड्याच्या गांधाराचे आंदोलन कोणत्या टिंबात बसवाल? ह्या म्हणण्यात तथ्य आहे. लिहिलेली चीज म्हणजे गाण्याचा सांगाडा. त्यावर मांस चढते ते गळ्यातून. परंतु ह्या विरोधाला दुसरेही एक कारण होते, आणि ते कामगार चळवळीतल्या माणसाला लगेच उमगते. दरबार मोडत चालले होते आणि घराण्यातल्या चिजा हीच कलावंताच्या पोटाची पुंजी होती. कारागीर आपले कसब झाकून ठेवतो तेव्हा त्याला आपण कोत्या मनाचा म्हणतो. तो मात्र उद्याच्या भाकरीच्या भीतीने ते झाकीत असतो. चिजा छापणाऱ्यांनी संगीतावर उपकार केले हे खरे. पण ज्यांच्या तोंडून त्या घेतल्या त्यांच्या पोटाचा विचार त्या काळी कितीकांनी केला, हा प्रश्न उरतोच.

१९१६ मध्ये बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिच्यामागे भातखंड्यांचे परिश्रम होते. पुढे दिल्ली, बनारस, लखनौ येथे परिषदा झाल्या. सर्व देशाला एक स्वरलिपी असावी ही त्या काळच्या सुधारकांची मोठी आकांक्षा. ती सफल झाली नाही. १९२६ मध्ये लखनौस भातखंड्यांच्या प्रयत्नाने संगीत महाविद्यालय निघाले आणि त्यांची लिपी उत्तरेत स्थिरावली. १९३१ मध्ये पलुस्कर गेले. त्यांच्या शिष्यांनी त्याच वर्षी गांधर्व महाविद्यालय मंडळ उभे केले आणि विनायकबुवा पटवर्धनांसारख्यांनी त्या परंपरेत ग्रंथ लिहिले. म्हणजे लिपीचा निकाल गुणांवर लागला नाही. ज्या संस्थेची परीक्षा, त्या संस्थेची लिपी, असा तो लागला. पुढे भातखंड्यांची लिपी अधिक फैलावली, हे खरे. आज दोन्ही पद्धतींची तुलना करा, असा प्रश्नच परीक्षेत विचारतात. भांडण मिटले नाही. ते अभ्यासक्रमात गेले!

ज्याच्या शेजारी गुरू बसला आहे त्याला ह्या गोंधळाचा त्रास नाही. टिंब चुकीचे वाचले तर गुरू कान धरून सांगतो. परंतु पाळी संपवून घरी आलेला, रद्दीच्या दुकानातून घेतलेले पुस्तक उघडून पेटीपुढे बसणारा जो माणूस, त्याला कोण सांगणार? पुस्तकाचे पहिले पान फाटले असेल तर खुणांचा खुलासाही गेला. लिपी खरी त्याच्यासाठीच निघाली होती, आणि दोन मोठ्यांच्या मतभेदाचा भुर्दंड त्यालाच बसला.

हे सारे जुने झाले, आता संगणक आला, असे कोणी म्हणेल. तर संगणकाने हा वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू केला, एवढेच आम्ही सांगतो. साध्या कळफलकावर अक्षराखाली रेघ आणि डोक्यावर टिंब सहज उमटत नाही. म्हणून पुष्कळ लोक रोमन अक्षरे वापरतात. शुद्ध ऋषभाला मोठा 'आर', कोमलाला लहान 'आर'. मध्यमापाशी मात्र मोठा 'एम' तीव्र आणि लहान 'एम' शुद्ध. इंग्लंडात क्रिस वॉल्शॉ नावाच्या गृहस्थांनी १९९० नंतरच्या दशकाच्या आरंभी लोकधुना साध्या अक्षरांत लिहिण्याची 'एबीसी' नावाची पद्धत प्रचारात आणली. तेथे लहान अक्षर म्हणजे वरचे सप्तक. म्हणजे लहान 'जी' हा आपल्याकडे कोमल गांधार आणि तिकडे वरच्या सप्तकातला स्वर!

ह्या एबीसीच्या घरातही भांडणे झाली, आणि त्यांतले एक तर आपल्या टिंबाचे सख्खे भावंड आहे. एका जुन्या प्रणालीत उद्गारचिन्हाचा अर्थ होता 'येथे ओळ मोडा'. पुढच्या एका मसुद्यात दोन उद्गारचिन्हांमध्ये अलंकाराचे नाव लिहावयाचे ठरले. मग पुढल्या आवृत्तीत त्याऐवजी बेरजेचे चिन्ह आले. डिसेंबर २०११ च्या आवृत्तीत पुन्हा उद्गारचिन्ह. दरम्यान लोकांनी हजारो धुना लिहून ठेवल्या होत्या, कोणी ह्या नियमाने, कोणी त्या. आता जुने लिखाण रद्दी ठरवावयाचे की काय?

त्यावर त्यांनी काढलेली तोड आम्हांस फार शहाणपणाची वाटते. ज्याने नव्या नियमाने लिहिले त्याने पहिल्याच ओळीत तसे सांगावे, की हे अमुक आवृत्तीप्रमाणे आहे. त्याचे वाचन काटेकोर नियमाने होईल. ज्या लिखाणावर अशी ओळ नाही, ते जुने समजून सैल हाताने, सांभाळून वाचावे. कोणाचे जुने पान फेकले नाही आणि नवे पान संदिग्ध राहिले नाही.

आम्ही संघटनेत हेच शिकलो आहो. सगळ्या कारखान्यांचा एकच करार व्हावा हे स्वप्न चांगले. पण तो होईपर्यंत प्रत्येक करारात 'दिवस' म्हणजे काय हे पहिल्या कलमात लिहून घ्यावे. लिपीचेही तसेच. भातखंडे मोठे की पलुस्कर, हा प्रश्न त्यांच्या शिष्यांना लखलाभ असो. आमची मागणी त्याहून साधी आहे. जो कोणी चीज छापतो, लिहितो किंवा संगणकावर चढवितो, त्याने प्रत्येक चिजेच्या माथ्यावर एक ओळ टाकावी : ही अमुक पद्धतीने लिहिली आहे, टिंबाचा अर्थ हा, रेघेचा अर्थ हा. खिळे जुळविणाऱ्याला एका ओळीचे काम पडेल. शिकणाऱ्याचे वर्ष वाचेल.

आणि ज्यांची पोथी अशा ओळीवाचून पडली आहे त्यांनी ती टाकून देऊ नये. एखाद्या जाणत्याला विचारून त्यांनी स्वतःच्या हाताने ती ओळ पहिल्या पानावर लिहावी. आपल्यामागून ते पुस्तक ज्याच्या हाती पडेल त्याला ते टिंब वाचता यावे, एवढ्यासाठी.